मलावीत मिशनच्या आवारात दोन वर्षं : रोजच्या दिवसाची घडी कशी बसवायची?

नगरचे_मास्तर

सलाम मंडळी. मी निवृत्त शिक्षक, वय ६१. पत्नी निवृत्त परिचारिका, वय ५७. आमच्या मंडळीतर्फे, म्हणजे चर्चतर्फे, दोन वर्षांसाठी मलावीच्या दक्षिणेला, मुलांजे डोंगराच्या पायथ्याशी एका मिशनच्या आवारात राहायला जायचं ठरलंय. ऑक्टोबरात निघायचं आहे. तिला रुग्णालयात हातभार लावायचा आहे, मला शाळा आणि रविवारशाळा बघायची आहे. घर दोन खोल्यांचं, वर पत्रा. वीज आहे पण "जाते" असं कळवलंय. पाणी आवारातल्या बोअरवेलचं.

पाठवणाऱ्यांनी दिलेल्या माहितीत सेवेबद्दल पानंच्या पानं आहेत, पण सकाळचा चहा कशावर करायचा याबद्दल एक ओळ नाही. म्हणून विचारतो : पाणी, वीज, स्वयंपाक, कपडे यांची सोय प्रत्यक्षात कशी लावतात? हिवतापाचं काय करायचं? भाषा किती लागते? इथून काय न्यायचं आणि काय उगाच ओझं होईल? प्रवचन नको, तपशील हवेत.

शिरे_काठ

सलाम मास्तर. चहापासूनच सुरुवात करू. तिथे चुली तीन लागतात. विजेची शेगडी, छोटा गॅस आणि म्बाऊला, म्हणजे कोळशाची शेगडी. कुठल्याही एकीवर विसंबू नका. वीज कधी जाईल सांगता येत नाही, गॅस भरून आणायला शहर गाठावं लागतं, आणि पेट्रोल-डिझेलची टंचाई असली की तेही लांबतं. म्बाऊला मात्र कुठेही मिळते. ती कायम उघड्यावर, फार तर पडवीत पेटवायची. मे ते ऑगस्टमध्ये मुलांजे-थ्योलो भागात 'चिपेरोनी' येते : दिवसच्या दिवस धुकं, भुरभुर पाऊस, गारठा. तेव्हा पेटती शेगडी ऊब म्हणून झोपायच्या खोलीत घ्यायचा मोह होतो. निखाऱ्याच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. आफ्रिका म्हणजे ऊन, असं समजून स्वेटर-शाल मागे ठेवू नका.

पाणी. दोघांना सगळं धरून दिवसाला साधारण १०० लिटर लागतं, म्हणजे २० लिटरच्या पाच बादल्या. पैकी पिण्याचं आणि स्वयंपाकाचं १५ लिटर. पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारा : बोअरवेलला हातपंप आहे की विजेचा? विजेचा असेल तर वीज गेली की पाणीही गेलं. मग निदान ५०० लिटरची टाकी दोन-तीन मीटर उंच चौथऱ्यावर हवी. पत्र्याचा उपयोग करून घ्या. ६० चौरस मीटर छपरावर १० मिलिमीटर पाऊस पडला की ६०० लिटर पाणी होतं, गळती-उडती वजा जाता ४८० तरी हाती लागतं. पावसाळा नोव्हेंबर ते एप्रिल. पहिल्या सरींचं पाणी सोडून द्या, छपरावरची धूळ आणि पक्ष्यांची घाण त्यातून जाते.

पिण्याचं पाणी आधी कापडातून गाळा, खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट उकळू द्या, मग कँडलच्या फिल्टरमध्ये. कँडल मऊ ब्रशने नुसत्या पाण्याखाली घासायची, साबण लावायचा नाही. पाणी अचानक भराभर उतरायला लागलं तर खूश होऊ नका, कँडलला तडा गेलाय. जादा दोन कँडल इथूनच न्या, कपड्यांत गुंडाळून.

वीज २३० व्होल्टच आहे, त्यामुळे आपली उपकरणं चालतात. पिन मात्र ब्रिटिश पद्धतीची, चौकोनी तीन पायांची. अडॅप्टर पाच-सहा न्या. मीटर प्रीपेड असेल तर मोबाइलवरून पैसे भरायचे, २० आकडी टोकन येतं, ते मीटरवर दाबायचं. शनिवारी संध्याकाळी संपेल इतकं कमी कधीच ठेवू नका.

सौर संच बसवायचा तर आधी कागदावर बेरीज करा. ९ वॅटचे चार दिवे पाच तास, १८० वॅट-तास. बीएलडीसी पंखा ३० वॅटचा, आठ तास, २४०. लॅपटॉप ६० वॅट, तीन तास, १८०. राउटर आणि दोन फोन मिळून ९०. एकूण ६९०. १२ व्होल्ट १५० एएच ट्युब्युलर बॅटरीत १८०० असतात, पण निम्म्याखाली उतरवायची नाही, म्हणजे हाताशी ९००. ३०० वॅटचं पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला हजारभर वॅट-तास देतं. चिपेरोनीत त्याच्या निम्मेही धरू नका. त्या दिवसांत पंखा लागत नाही हे एक बरं, आणि लॅपटॉप वीज असेल तेव्हा भरून घ्यायचा. बॅटरी तिथेच घ्या, निजायच्या खोलीत ठेवू नका, डिस्टिल्ड वॉटर दर महिन्याला बघा. बोअरचं पाणी तीत घातलं की बॅटरी वर्षभरात बसते. इस्त्री, गीझर, इंडक्शन या संचावर लावायचं नाव काढू नका.

आता इस्त्री. हा प्रकार इथे कुणी सांगत नाही. तिथे पुत्सी नावाची माशी आहे. ती सावलीत वाळत घातलेल्या दमट कपड्यांवर किंवा मूत लागलेल्या वाळूत अंडी घालते. दोन-तीन दिवसांत अळी निघते आणि कपडा अंगावर चढला की कातडीत शिरते. गळू आल्यासारखं दिसतं, मधोमध बारीक भोक, आत काहीतरी वळवळतंय असं वाटतं. उपाय म्हणजे बाहेर वाळलेला प्रत्येक कपडा दोन्ही बाजूंनी कडक इस्त्री करणे. शर्टाच्या पाठीवरून एक हात फिरवला म्हणजे झालं नाही. शिवणी, कॉलरची घडी, चड्डीचं इलॅस्टिक, बनियन, टॉवेल, उशीचे अभ्रे, चादरी, सगळं. इलॅस्टिक जळेल म्हणून लोक तेवढंच सोडतात आणि अळी नेमकी कमरेला निघते. तिथे पातळ सुती फडकं ठेवून इस्त्री दाबून धरायची. वीज नसली की कोळशाची इस्त्री, ती तिथल्या बाजारात मिळते. लोकरीचे, इस्त्री न चालणारे कपडे घरात आणून दोन आठवडे तसेच ठेवून मग घाला. आणि गादी जमिनीवर टाकून कधीच वाळवू नका.

रोजचा तासभर या इस्त्रीला जातो. पाणी, चूल आणि बाजार धरले तर घर चालवण्यातच दोघांपैकी एकाचा अर्धा दिवस संपतो. हे आधी वाटून घेतलं नाही तर सगळं काकूंच्या अंगावर पडतं आणि त्यांचं रुग्णालय राहतं बाजूला. तिथे घरकामाला बाई आणि रात्री राखणदार ठेवणं ही चैन धरली जात नाही, उलट पगार देऊ शकणाऱ्याने माणूस न ठेवणं कंजूषपणा समजतात. पगार, सुट्टी, आजारपण, नोटीस हे चिचेवा या तिथल्या भाषेत लिहून दोघांच्या सह्या घ्या. किमान वेतनाचा कायदा आहे. आकडा तिथल्या मंडळीच्या कचेरीत विचारा, शेजाऱ्याला नको.

तापाची_वही

मास्तर, हिवतापाबद्दल नीट सांगते, कारण आपल्याकडे "मलेरिया काय, चार दिवसांत उतरतो" अशी समजूत आहे. आपल्याला बहुतेक व्हायव्हॅक्स प्रकारचा माहीत असतो. मलावीत जवळजवळ सगळा फाल्सिपेरम. तो मेंदूवर जाऊ शकतो आणि तापाला सुरुवात झाल्यापासून एक-दोन दिवसांत माणूस हातचा जातो. लिव्हिंगस्टोनिया मिशन १८७५ साली मलावी तळ्याकाठी केप मॅक्लिअरला सुरू झालं, तापाने माणसं गेली म्हणून १८८१ला बांडावेला हललं, तिथेही तेच, शेवटी १८९४ला डोंगरावर खोंडोवेला गेलं. मिशनचे डॉक्टर रॉबर्ट लॉज तिथे १९२७पर्यंत टिकले त्यामागे ही उंची आहे. तुम्ही पायथ्याशी राहणार, तेव्हा मच्छरदाणी हाच तुमचा डोंगर.

मच्छरदाणी औषध लावलेली हवी, आणि चारही बाजूंनी गादीखाली खोचलेली. जमिनीपर्यंत सोडून दिलेल्या दाणीत डास खालून येतो. अंधार लवकर पडतो (जूनमध्ये साडेपाचच्या सुमारास), तेव्हा संध्याकाळच्या प्रार्थनेला पूर्ण बाह्या आणि पायमोजे.

प्रतिबंधक गोळी दोन वर्षं सलग घ्यायची की नाही आणि कोणती, हे जाण्याआधी प्रवासी-आरोग्य बघणाऱ्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. चालू औषधांची यादी सोबत न्या. डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम रोज, निघण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून ते परत आल्यावर चार आठवडे. पेलाभर पाण्यासोबत, आणि घेतल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. दूध, कॅल्शियम, अँटासिड त्या वेळी नको, गोळी वाया जाते. ऊन लागून कातडी भाजते, टोपी ठेवा. मेफ्लोक्विन आठवड्याला एक, सोयीची, पण झोप आणि मन बिघडवू शकते. आधी नैराश्य वगैरे असेल तर नकोच. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल रोज, परतल्यावर फक्त सात दिवस, पण महाग.

गोळी चालू असली तरी ताप आला की त्याच दिवशी तपासणी. "उद्या बघू" नाही. उपचाराला तिथे 'एलए' म्हणतात : आर्टिमेथर-लुमेफँट्रिन. ३५ किलोंच्या वर वजन असेल तर एका वेळी चार गोळ्या, तीन दिवसांत सहा वेळा, एकूण २४. दुसरा डोस पहिल्यानंतर आठ तासांनी. लोक चुकतात ते इथे, सकाळ-संध्याकाळ समजून बारा तासांनी घेतात. आणि स्निग्ध काहीतरी पोटात हवं, शेंगदाणे किंवा दूध चालेल, नाहीतर औषध रक्तात पुरेसं उतरत नाही. बरं झाल्यावरही किटवरची चाचणी काही आठवडे पॉझिटिव्ह दाखवू शकते. त्यावरून पुन्हा औषध सुरू करू नका, काचेवरचा रक्तनमुना सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा.

बाकी थोडक्यात. तळ्यात, संथ ओढ्यात, भातखाचरात अनवाणी उतरू नका, बिल्हार्झियाचे कृमी कातडीतून शिरतात. उतरलातच तर सुमारे तीन महिन्यांनी तपासणी करा, औषध प्राझिक्वांटेल. २०२२-२३ला कॉलऱ्याची मोठी साथ झाली होती, म्हणून बाहेरची कच्ची कोशिंबीर वर्ज्य. पीतज्वराचा दाखला : मलावी तो सगळ्यांकडे मागत नाही, पण अदिस अबाबा किंवा नैरोबीला विमान बदलताना मुक्काम पडला तर मलावीतही आणि भारतात परततानाही विचारतात. लस टोचल्यापासून दहा दिवसांनी दाखला लागू होतो, मग आयुष्यभर चालतो. तुमचं वय ६०च्या पुढे आहे आणि पहिल्यांदाच घेणार असाल तर दुष्परिणामांचा धोका थोडा जास्त असतो, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय टोचून घेऊ नका. शक्य असेल तर मुक्काम नसलेलं तिकीट काढा. काकूंना रुग्णालयात हात लावायचा असेल तर तिथल्या परिचारिका परिषदेकडे नोंदणी लागते. प्रमाणपत्रं आणि महाराष्ट्रातल्या नोंदणीचा दाखला अपोस्टिल करून, म्हणजे परदेशात चालणारा सरकारी शिक्का घेऊन, न्या. हे काम दोन महिने आधी सुरू करा.

चहाचा_मळा

वरच्या दोघांनी महत्त्वाचं सांगितलंय, पण "इथून न्या, इथून न्या" फार होतंय. दक्षिणेतल्या लिंबे आणि राजधानी लिलाँग्वेच्या जुन्या बाजारात गुजराती दुकानदारांकडे हळद, मोहरी, हिंग, डाळी, पोह्यांपर्यंत मिळतं. न्यायचं ते हे : कुकरच्या दोन रिंगा आणि सेफ्टी व्हॉल्व्ह, गोडा मसाला, आमसुलं, वाचायच्या चष्म्याचा जादा जोड, रोजची औषधं निदान तीन महिन्यांची चिठ्ठीसकट, आणि मराठी पवित्र शास्त्र व 'उपासना संगीत' हे गीतपुस्तक. मिक्सर नको, पाटा-वरवंट्यासारखी लाकडी उखळ-मुसळ तिथे घरोघर आहे.

शिरे_काठ

मिक्सर नको हे मान्य. पण कुकर तरी आख्खाच न्या म्हणतो. कोळशावर तूर शिजायला दोन तास, कुकरला वीस मिनिटं. कोळसा विकत घ्यावा लागतो.

नगरचे_मास्तर

मंडळी, खूप आभार. इस्त्रीचं ऐकून घरात शांतता पसरली आहे. दोन गोष्टी राहिल्या. चिचेवा या वयात कितपत जमेल? आणि दारावर मदत मागायला लोक येतात असं ऐकलंय, तिथे काय धोरण ठेवायचं? आणि हिची एक ओळ : भाकरी होते का?

ओडी_ओडीनी

भाषेत मराठी माणूस इंग्रजाच्या दोन पावलं पुढे असतो. चिचेवात क-ख, प-फ, त-थ हे भेद खरे आहेत आणि तेच इंग्रजी बोलणाऱ्यांना ऐकू येत नाहीत. 'फिरी' म्हणजे डोंगर, त्यातला फ ओठ मिटून काढायचा, आजी 'फळ' म्हणते तसा. 'खासू' म्हणजे कुदळ, ख आपलाच. ल आणि र मात्र तिथे एकमेकांच्या जागी येतात, त्याचा गोंधळ मानू नका. आदरार्थी बहुवचनही आपल्यासारखं : लहान मुलाला 'उली ब्वांजी', मोठ्या माणसाला 'मुली ब्वांजी', म्हणजे तू कसा आहेस आणि तुम्ही कसे आहात. अवघड जातं ते नामांचं वर्गीकरण. अनेकवचन शब्दाच्या शेवटी नाही, सुरुवातीला बदलतं : म्तेंगो-मितेंगो (झाड-झाडं), चितेंजे-झितेंजे, म्वाना-आना (मूल-मुलं). आणि विशेषण, क्रियापद त्याच्या मागोमाग बदलतात. शब्द पाठ करताना एकवचन-अनेकवचन जोडीनेच पाठ करा. रोज दहा जोड्या, आणि सकाळी दोन तास शिक्षकासोबत, असे पहिले तीन महिने दुसरं काम घेऊ नका. मंडळी कामाला जुंपायची घाई करेल, तिथे नम्रपणे नाही म्हणा. पहिल्या तीन महिन्यांत सोडलेली भाषा नंतर हाती लागत नाही.

दारावरची कडी वाजवत नाहीत. अंगणातून 'ओडी!' अशी हाक येते, आपण 'ओडीनी' म्हणायचं. मग सकाळ असेल तर 'म्वाद्झुका ब्वांजी', झोप कशी झाली, मग घरच्यांची चौकशी, मग पाऊस-पाणी, आणि कामाची गोष्ट सगळ्यात शेवटी. थेट "काय काम?" विचारणं म्हणजे हाकलणं. हस्तांदोलन उजव्या हाताने, डावा हात उजव्या मनगटाला लावून. वस्तू दोन्ही हातांनी घ्यायची. कुणी ठेचकाळलं तरी 'पेपानी' म्हणायचं, तुमचा दोष नसला तरी.

एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. भारतीयाला तिथे 'म्वेन्ये' म्हणतात आणि म्वेन्ये म्हणजे दुकानदार असं गृहीत असतं. गोऱ्या मिशनऱ्याला जो प्रश्न कुणी विचारत नाही तो तुम्हाला विचारतील : दुकान कुठे टाकलंय? त्याचा राग मानायचा नाही. 'अबुसा' म्हणजे पाळक, त्यांच्यासोबत पहिले दोन महिने घरोघर फिरा, म्हणजे ओळख बदलते. सांगायला एक धागाही आहे. नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशन शाळेत गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं शिकत होती. त्यातला जेकब वेनराइट याओ समाजातला होता. लिव्हिंगस्टनचा मृतदेह किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत तो होता, आणि १८७४ला त्यासोबत इंग्लंडलाही गेला. दक्षिण मलावीत याओ आजही आहेत. नाशिकचं नाव काढलं की गप्पांना जागा होते.

मयत झाली की जायचंच, ओळख असो नसो. बायका आत चटईवर बसतात, पुरुष बाहेर. काकूंनी चितेंजे, म्हणजे दोनेक मीटरचं छापील कापड, पिशवीत कायम ठेवावं. साडीवरूनही कमरेला गुंडाळतात. जाताना थोडे पैसे किंवा मक्याचं पीठ न्यायचं. त्या दिवशीची शाळा बुडाली तर बुडू द्या, न गेलेलं वर्षानुवर्षं लक्षात राहतं.

दारावरच्या मदतीचं : मागणी वर्षभर सारखी नसते. मका एप्रिल-मेला निघतो आणि बऱ्याच घरांत जानेवारीपर्यंत संपतो. जानेवारी ते मार्च उपासमारीचे. तेव्हा सगळ्यात जास्त 'ओडी' ऐकू येतात. हातात रोख ठेवत गेलात तर दुसऱ्या दिवशी दहा जण. त्यापेक्षा तीन गोष्टी करा. एक, महिन्याची ठरावीक रक्कम मंडळीच्या वडिलांकडे, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या ज्येष्ठांकडे द्या, कुणाला द्यायची ते त्यांनी ठरवायचं, त्यांना घरं माहीत असतात. दोन, 'गान्यू' द्या, म्हणजे उक्तं काम : बांध घालणं, गवत काढणं, विटा वाहणं. मोबदला त्याच संध्याकाळी. तीन, सुगीत मका घेऊन ठेवा आणि टंचाईत गान्यूचा मोबदला मक्यात द्या. साठवताना दाणा कोरडा हवा. कोरड्या बाटलीत मूठभर मका आणि चमचाभर कोरडं मीठ घालून हलवा. मीठ काचेला चिकटलं तर अजून वाळवायचा. वाळलेला मका आत दोन प्लास्टिक अस्तरं असलेल्या हवाबंद पोत्यात, प्रत्येक अस्तराचं तोंड वेगळं पिळून बांधून. हवा राहिली की टोके झालेच.

आजारी मूल दारात आलं तर मात्र धोरण बघत बसू नका, रुग्णालयात घेऊन जा.

पासबुक

पैशाचं कुणी बोललं नाही म्हणून. तिथे राहून काम करायचा परवाना बोलावणाऱ्या मंडळीच्या नावावर निघतो, तो हातात येईपर्यंत पोलिस क्लिअरन्स, लग्नाचा दाखला, पदव्या यांच्या मूळ प्रती स्वतःजवळ ठेवा. इथल्या नोंदणीकृत ट्रस्टने तुमचा खर्च परदेशात परस्पर पाठवायचा ठरवला तर सीबीडीटीच्या (केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या) मंजुरीशिवाय त्या रकमेवरची करसवलत अडचणीत येते. मंडळीच्या लेखापालांना आताच विचारायला सांगा, निघाल्यावर नाही. बँकेला परदेशी राहणार असल्याचं कळवून खातं एनआरओ (अनिवासी भारतीयाचं खातं) करून घ्या. इथलं सिम रोमिंगवर जिवंत ठेवा, ओटीपी त्यावरच येतो. पेन्शनचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात लागतो, लिलाँग्वेला भारतीय उच्चायोग आहे, तिथे सही होते. तुम्ही ऑक्टोबरात निघताय, म्हणजे पोचल्या पोचल्या हेच पहिलं काम, नाहीतर निघण्याआधी बँकेत काय करता येतं ते विचारा. आणि अंदाजपत्रक क्वाचात, म्हणजे तिथल्या चलनात, मांडू नका. नोव्हेंबर २०२३ला डॉलर एका फटक्यात ११८० क्वाचांवरून १७००वर गेला.

चहाचा_मळा

वहिनी, भाकरी होते. 'उफा वोयेरा' नावाचं पांढरंशुभ्र पीठ घेऊ नका, त्यात कोंडा नसतो, भाकरी तडकते. 'म्गाइवा' मागा, तो आख्ख्या मक्याचा. चाळून, उकळतं पाणी घालून दहा मिनिटं झाकून ठेवायचा, मग तळहाताने भरपूर मळून थापायचा. पीठ गार झालं की चिरतं, म्हणून एका भाकरीपुरतंच मळा. तिथलं न्सिमा म्हणजे आपल्या उकडीचं घट्ट भावंड. आधी थोड्या पिठाची पातळ पेज शिजवतात, मग उरलेलं पीठ मूठमूठ घालत लाकडी 'म्थिको'ने दाबून घोटतात. कुणाकडे जेवायला बसलात तर आधी हातावर पाणी ओततील, यजमानीण गुडघ्यावर बसून. उजव्या हाताने गोळा करायचा, अंगठ्याने खळगा, त्यात कालवण.

सोबतीला सुकट हवी असेल तर 'उसिपा' घ्या, तळ्यातले बोटभर सुके मासे. वाळूत वाळवलेले असतात, म्हणून आधी कोरड्या तव्यावर भाजून, चोळून, कोमट पाण्यात दोनदा धुवायचे, मग कांदा-टोमॅटो-आमसूल. तूर 'नांदोलो' नावाने पोत्याने मिळते, तिथून भारतातच येते, पण सालासकट. डाळ करायच्या फंदात पडू नका, रात्री भिजवून उसळ करा. शेंगदाणे मात्र कूट करून ठेवलेले घेऊ नका, बुरशी लागलेले त्यात खपवतात. आख्खे घ्या, निवडून काळपट-सुरकुतलेले फेका, मग घरीच कुटा.

नगरचे_मास्तर

सगळं वहीत उतरवून घेतलं. ही विचारते, कोळशाची इस्त्री लिंबेला मिळेल की मुलांजेच्या बाजारात?

शिरे_काठ

मुलांजेच्या बाजारातच बघा. झाकणाची कडी घट्ट बसते का ते हलवून पाहा, सैल असली तर निखारा थेट चादरीवर पडतो. आणि पहिल्यांदा पेटवाल तेव्हा जुन्या फडक्यावर फिरवून बघा, तळाला गंज किंवा काजळी असते.